स्मृतिभ्रंशग्रस्तांची निवासगृहे : पारख कशावरून करावी?

शाळेत काय शिकविले जाते हे विद्यार्थी घरी येऊन सांगतो. खानावळीतील अन्न कसे आहे हे जेवणारा सांगतो. रुग्णालयातून बरा होऊन परतलेला मनुष्य तेथील परिचारिकांविषयी आठवडाभर बोलत राहतो. कोणत्याही संस्थेच्या गुणदोषांची पहिली साक्ष तिची सेवा घेणारा देत असतो, आणि समाजाचा व शासनाचा पुष्कळसा निर्धास्तपणा या साक्षीवरच उभा असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासगृहात नेमकी हीच साक्ष नाहीशी झालेली असते. सकाळी न्याहारी मिळाली किंवा नाही हे ज्याला दुपारी आठवत नाही, दंडावरचा काळानिळा वण कशाने उमटला हे ज्याला सांगता येत नाही, आणि त्याने सांगितलेच तरी 'त्यांना भास होतात' या एका वाक्याने ज्याचे सांगणे निकालात निघते, अशा माणसाची काळजी चांगली घेतली जाते की नाही हे कोणी व कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न बंगळूरसारख्या शहरात आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणीचा नेहमीचा विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या पेशींचा ऱ्हास घडवून आणणाऱ्या अनेक विकारांचे ते एकत्रित नाव असून, त्यांत अल्झायमरचा विकार सर्वाधिक आढळतो. स्मरणशक्तीबरोबरच भाषा, स्थलकालाचे भान, निर्णयशक्ती आणि अखेरीस जेवणे, कपडे घालणे, शौचास जाणे यांसारखी नित्यकर्मेही एकेक करून हातची जातात. भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेला जो मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा आजही घरीच, आणि घरातील स्त्रियांकडूनच होते. जे थोडे निवासगृहात येतात ते बहुधा कुटुंबाची शक्ती संपल्यावर येतात; म्हणजे आजाराच्या अवघड अवस्थेत आणि स्वतःची बाजू मांडण्यास सर्वांत असमर्थ असताना.

बंगळूरचे उदाहरण घेण्यास कारण आहे. मेंदूच्या अभ्यासाची इतकी समृद्ध परंपरा देशातील फार थोड्या शहरांत आढळेल. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, आणि १९७४ साली ती व जुने मनोरुग्णालय यांच्या एकीकरणातून आजची 'निम्हान्स' आकारास आली. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्याच्या श्रीनिवासपूर तालुक्यातील ग्रामस्थांचे वार्धक्य व त्यांची बुद्धिशक्ती यांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट या संस्थेने २०१० साली कस्तुरीनगर येथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी खास निवासी केंद्र काढले, तेव्हा अशी केंद्रे देशात विरळाच होती. त्यानंतर शहरात अशी गृहे वाढत गेली. काही सेवाभावी न्यासांची आहेत, काही कंपन्यांची आहेत, तर काही एखाद्या वसाहतीतील दुमजली घर भाड्याने घेऊन चालविलेली आहेत. मुले परदेशी आणि आईवडील एकटे, ही स्थिती या शहरात नवी नाही. तेव्हा मागणी वाढली यात नवल नाही. नवल वाटावे ते हे की, मेंदूचे इतके सूक्ष्म मोजमाप करणाऱ्या शहरात या गृहांतील दिवसरात्रीचे मोजमाप जवळजवळ होतच नाही.

याबाबत कायदा मुळीच नाही असे नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या दिली आहे तीत विचार व मनोवृत्ती यांच्याबरोबर स्थलकालाचे भान आणि स्मृती यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अशा आजाराच्या व्यक्तींना ठेवून घेणारी आस्थापना, तिचे नाव काहीही असो, नोंदणीशिवाय चालविता येत नाही, आणि नोंदलेल्या आस्थापनांचे दर तीन वर्षांनी लेखापरीक्षण व्हावे असे अधिनियम सांगतो. कलम ९७ तर मोठे बोलके आहे. रुग्णास एकांतकोठडीत ठेवता येत नाही. तत्काळ होणारी इजा टाळण्यास दुसरा कोणताही उपाय नसेल तरच, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, त्याला बांधता येते. कर्मचारी अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून बांधता येत नाही. बांधल्याची वार्ता चोवीस तासांच्या आत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस द्यावी लागते, आणि असा प्रत्येक प्रसंग दरमहा मंडळास कळवावा लागतो. इतकी स्वच्छ तरतूद आपल्या कायद्यांत क्वचितच सापडते. परंतु वृद्धाश्रम, सहायक निवास, शुश्रूषागृह अशी नावे धारण केली की हा अधिनियम आपल्याला लागूच नाही असे समजण्याची सोय चालकांस मिळते, आणि तसे समजू देण्याची सोय अधिकाऱ्यांस मिळते. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या अधिनियमाचा मुख्य भर निर्वाहावर आणि शासनाने काढावयाच्या वृद्धाश्रमांवर आहे. खाजगी निवासगृहांची नोंदणी व किमान दर्जा यांसंबंधीचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत होण्याआधीच २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली.

समजा, नोंदणी सर्वत्र काटेकोरपणे होऊ लागली. तरी पारख कशाची करावयाची हा प्रश्न उरतोच. वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचा विचार करताना अवेदिस डोनाबेदियन या विद्वानाने १९६६ साली एक उपयुक्त भेद मांडला होता. सेवेची रचना, सेवेची प्रक्रिया आणि सेवेचा परिणाम ही तीन अंगे त्याने वेगळी केली. रचना म्हणजे इमारत, खाटा, कर्मचारी, परवाने. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात काय केले जाते. परिणाम म्हणजे त्यामुळे रुग्णाचे काय होते. निरीक्षकाचा ओढा स्वभावतःच पहिल्या अंगाकडे असतो, कारण ते दुपारच्या एका भेटीत पाहून होते. स्नानगृहातील धरावयाचे दांडे, न घसरणारी फरशी, चाकांची खुर्ची जाऊ शकेल अशी दारे, अग्निशामक नळकांडे हे सर्व आवश्यकच आहे, परंतु ते सर्व असूनही माणूस दिवसभर खुर्चीला खिळलेला असू शकतो. नातेवाईकही याच मोहात सापडतात. दर्शनी भागातील संगमरवर आणि बागेतील हिरवळ त्यांच्या मनाला जो दिलासा देते, तो त्यांच्या स्वतःच्या अपराधी भावनेवरचा लेप असतो. आत राहणाऱ्याचा त्या हिरवळीशी संबंध येतो किंवा नाही, हे विचारण्याचे धैर्य पुष्कळांना होत नाही.

परिणामाकडे वळावे, तर तेथेही आकडे सरळ बोलत नाहीत. पडण्याचेच उदाहरण घ्या. वृद्धाचे पडणे, त्यात खुब्याचे हाड मोडणे आणि मग अंथरूण धरणे ही साखळी सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून जेथे कोणी पडत नाही ते निवासगृह उत्तम, असा निष्कर्ष सहज निघतो. वस्तुतः पंचवीस-तीस स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या गृहात वर्षभर एकही मनुष्य पडला नाही अशी नोंद दिसली, तर निरीक्षकाने समाधान न मानता सावध व्हावे. एक तर नोंद खोटी असेल, नाही तर तेथे माणसांना चालूच दिले जात नसेल. खुर्चीस आडवी फळी लावणे, ओढणीने कमरेस बांधणे, पलंगाचे दोन्ही बाजूंचे कठडे कायम वर ठेवणे, अथवा चष्मा व चपला 'हरवू नयेत म्हणून' कपाटात ठेवून देणे या सर्व युक्त्यांनी पडणे कमी होते. त्याबरोबर स्नायू आखडतात, शय्याव्रण होतात आणि चालणारा मनुष्य काही महिन्यांत चालेनासा होतो. कठड्यावरून चढून जाऊ पाहणारा रुग्ण तर अधिक उंचीवरून पडतो. चांगल्या गृहात पडण्याच्या नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ, जागा, त्या वेळी जवळ कोण होते व पुढे काय बदलले हेही लिहिलेले असते.

बंधनाचा दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. सांजवेळी अस्वस्थ होणे, येरझाऱ्या घालणे, 'मला घरी जाऊ द्या' असा धोशा लावणे हे स्मृतिभ्रंशात वारंवार आढळते. कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याची वेळही बहुधा हीच असते. अशा वेळी मनोविकारांवरील तीव्र औषधाची एक गोळी सर्वांनाच स्वस्थता देते. अमेरिकेच्या औषधनियंत्रण संस्थेने २००५ साली १७ चाचण्यांचा आढावा घेऊन इशारा दिला की, स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत ही नव्या वर्गातील औषधे घेणाऱ्यांचे मृत्युप्रमाण सुमारे दहा आठवड्यांच्या चाचणीत ४.५ टक्के, तर निरौषधी गोळी घेणाऱ्यांचे २.६ टक्के होते. २००८ साली हाच इशारा जुन्या वर्गातील औषधांसही लागू करण्यात आला. ब्रिटनमध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी २००९ च्या अहवालात दाखवून दिले की, तेथे अशी औषधे घेणाऱ्या सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंशग्रस्तांपैकी जेमतेम ३६,००० जणांना त्यांचा काही लाभ होत असावा, आणि या वापरामुळे दरवर्षी सुमारे १,८०० जादा मृत्यू घडत असावेत. ही औषधे कधीच देऊ नयेत असा याचा अर्थ नाही. रुग्ण भयाने व भासांनी खरोखरच त्रस्त असेल तर वैद्य ती विचारपूर्वक, अल्प काळ देतो. परंतु एखाद्या गृहातील निम्मी माणसे दुपारी मान टाकून बसलेली दिसली, तर तेथील औषधाचे कपाट बागेच्या आधी पाहावे हे उचित.

आकड्यांच्या आहारी जाण्यातील धोकाही येथेच सांगावयास हवा. अमेरिकेत डिसेंबर २००८ पासून शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत आहे. त्यात अशा औषधांचा वापरही मोजला जातो. मात्र ज्यांना स्किझोफ्रेनिया आहे त्यांना त्या मोजणीतून वगळले जाते. परिणामी काही गृहांत त्या विकाराचे निदान कागदोपत्री लावले जात असल्याचे उघडकीस आले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथील शासनाला या निदानांचीच तपासणी हाती घ्यावी लागली. संस्थेने स्वतःच भरून दिलेल्या तक्त्यावर विसंबून राहिले म्हणजे तक्ते सुधारतात. बंगळूरसाठी कोणी अशी श्रेणीपद्धती सुचवील, आणि आज ना उद्या ती सुचविली जाईलच, तेव्हा हा अनुभव हाताशी असू द्यावा.

तथापि काही परिणाम असे आहेत की ते लपविणे अवघड आणि पाहणे सोपे असते. वजन हा त्यांतील पहिला. एका महिन्यात पाच टक्के वजन घटणे ही गंभीर खूण मानली जाते. पन्नास किलोच्या स्त्रीबाबत याचा अर्थ अडीच किलो. याचे कारण आजारात असू शकते, दातांत असू शकते, गिळण्यात असू शकते; आणि ताट समोर ठेवून वीस मिनिटांनी तसेच उचलून नेण्यातही असू शकते. घास भरविण्यास माणूस लागतो आणि त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, या साध्या गोष्टीवर निवासगृहाचा निम्मा दर्जा अवलंबून असतो. दुसरी खूण शय्याव्रणाची. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ साली आलोइस अल्झायमरने ज्या स्त्रीस तपासले आणि जिच्या मेंदूवरून या विकाराची ओळख पटली, ती ऑगस्टे डेटर १९०६ साली मरण पावली ती शय्याव्रणातून रक्तात पसरलेल्या जंतुदोषाने. त्या काळी जंतुनाशक औषधे नव्हती. आज ती आहेत, हवेच्या गाद्या आहेत, दर दोन तासांनी कूस बदलण्याची रीत प्रत्येक परिचारिकेस ठाऊक आहे; असे असता हाडापर्यंत गेलेला व्रण अंगावर दिसला, तर त्याचे स्पष्टीकरण गृहाने दिलेच पाहिजे.

बंगळूरच्या बाबतीत भाषेचा प्रश्न स्वतंत्रपणे लक्षात घ्यावा लागतो, आणि परदेशी नमुन्यावर बेतलेल्या कोणत्याही प्रश्नावलीत तो सहसा आढळत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरात कन्नड ही मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी आहेत. बाकीच्यांत तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम, मराठी असे सर्व आहेत. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी ओसरते आणि बालपणीची भाषा शेवटपर्यंत रेंगाळते. सोलापूर किंवा बेळगावहून मुलाच्या नोकरीपायी येथे आलेली एखादी आजी चाळीस वर्षे वापरलेले हिंदी विसरते आणि मराठीत 'मोरीत जायचंय' एवढेच म्हणते. दूरच्या राज्यातून आलेल्या, महिन्यापूर्वीच कामावर लागलेल्या परिचारिकेला ते कळत नाही. आजी दोनदा म्हणते, तिसऱ्यांदा स्वतःच उठते आणि ओल्या फरशीवर पडते. नोंदवहीत 'चालताना तोल गेला' असे लिहिले जाते. ही दुर्घटना फरशीने घडविली की भाषेने, याचा विचार व्हावयास पाहिजे. प्रत्येक रुग्णाच्या पाच-दहा गरजेच्या शब्दांची यादी त्याच्या पलंगापाशी लावण्यास कोणताही खर्च येत नाही. ती लावलेली आहे की नाही हे पाहण्यास निरीक्षकाला अर्धे मिनिट पुरते.

प्रक्रिया पाहावयाची म्हणजे काय, याचे एक उत्तर इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड व कॅथलीन ब्रेडिन यांनी शोधून काढले. त्यांच्या पद्धतीत प्रशिक्षित निरीक्षक निवासगृहाच्या दिवाणखान्यात किंवा भोजनगृहात काही तास शांतपणे बसतो आणि ठराविक चार-पाच रुग्णांविषयी दर पाच मिनिटांनी नोंद करतो: तो मनुष्य काय करीत आहे, त्याची मनःस्थिती कशी दिसते, त्याच्याशी कोणी बोलले का, आणि कसे बोलले. खाजगी खोलीत तो शिरत नाही. या नोंदी एकत्र केल्या म्हणजे दिवसाचा नकाशा तयार होतो. एखाद्या बाईशी सहा तासांत फक्त तीनदा कोणी बोलले आणि तिन्ही वेळा 'तोंड उघडा' एवढेच बोलले, हे अशा नकाशातच दिसते. परवान्यात दिसत नाही आणि सीसीटीव्हीतही दिसत नाही. कॅमेऱ्यांवर आजकाल फार भिस्त ठेवली जाते, म्हणून हे सांगणे अवश्य आहे. कॅमेरा पडलेला मनुष्य दाखवितो. तो उठण्यापूर्वी किती वेळ हाक मारीत होता, हे बहुधा दाखवीत नाही.

या सर्वांवर निवासगृहांच्या चालकांचा एक आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. नियम कडक केले तर मोठ्या कंपन्या ते कागदोपत्री पुरे करतील आणि बारा-पंधरा माणसांना मायेने सांभाळणारी छोटी गृहे मात्र बंद पडतील. मग मध्यमवर्गीय कुटुंबाने जावे कोठे? रचनेवरचे नियम वाढविले तर असेच होईल यात शंका नाही. खोलीच्या क्षेत्रफळाचा आग्रह धरण्यापेक्षा मोजक्या गोष्टी जाहीर करावयास लावणे अधिक न्याय्य ठरेल: वर्षात किती जण पडले, किती जणांना किती वेळा बांधले, किती जणांना मनोविकारांवरील औषधे चालू आहेत, किती जणांचे वजन घटले, किती व्रण गृहातच झाले, आणि वर्षभरात किती परिचारक काम सोडून गेले. शेवटच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. ज्याला ओळखी राहत नाहीत त्याच्याभोवतीचे चेहरेही दर दोन महिन्यांनी बदलत असतील, तर तेथे कोणतीच पद्धत फार काळ टिकत नाही. हे आकडे छोट्या गृहांस अवघड नाहीत. उलट त्यांच्याच बाजूचे निघण्याचा संभव अधिक आहे. मात्र ते गृहाने सांगितले म्हणून न स्वीकारता पडताळले गेले पाहिजेत, आणि पडताळणी पूर्वसूचनेशिवाय झाली पाहिजे.

पडताळणी रात्रीही झाली पाहिजे. रुग्ण बाहेर भटकू नये म्हणून अशा गृहांची दारे बंद असतात, आणि ते रास्तही आहे. परंतु पहाटे दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर धूर झाला तर किल्ली कोणाकडे असते, त्या मजल्यावर किती माणसे जागी असतात, आणि स्वतःहून न चालणाऱ्या किती जणांना ती खाली नेऊ शकतात, याचे उत्तर दिवसाच्या कवायतीत मिळत नाही.

अधिनियमातील त्रैवार्षिक लेखापरीक्षणात स्थानिक समाजाचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे, आणि तिचा उपयोग येथे करून घेता येईल. बंगळूरमध्ये निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी यांना तोटा नाही, आणि त्यांतील पुष्कळांना तीन-तीन भाषा येतात. त्यांना रीतसर प्रशिक्षण देऊन, ज्या गृहात आपले कोणी नाही अशा गृहात वर्षातून काही दिवस, न कळविता, एका कोपऱ्यात बसवावे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने पहिल्या वर्षी वीस गृहे घेतली तरी चालतील. दर पाच मिनिटांच्या त्या नोंदी कन्नडमध्ये व इंग्रजीत लिहून गृहाच्या प्रवेशद्वाराशी लावाव्यात, जेथे आज शुल्काचा तक्ता लावलेला असतो.